मोडीवाल्या काकांना, तीन रुमालांबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

राजवाड्यामागच्या आपल्या वाड्याचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या मोडी कागदांची गाठोडी, तुम्ही वाचून दिलेत आणि मोबदला म्हणून फक्त चहा घेतलात. आभार चारचौघांत मानावेत आणि तुमची रीत इंदुरातल्या इतर वाडेवाल्यांच्याही कामी यावी, म्हणून हे उघड पत्र.

खरी गाठ सालाची होती. वाड्याच्या सुतारकामाच्या यादीवर ‘सु॥ समान अशर मयातैन व अलफ’ असं होतं. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, मराठी दफ्तरातली जुनी कालगणना. अरबी आकडे, एककापासून चढत जाणारे: आठ, दहा, दोनशे, हजार. म्हणजे १२१८. त्यात ६०० मिळवून सगळे सरळ १८१८ धरतात. पण सुहूर सन बदलतो जूनच्या सुरुवातीला, मृग नक्षत्र लागतं तेव्हा! मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. यादी कार्तिकातली, तेव्हा साल १८१७.

एका वर्षाने काय बिघडतं? इंदुरात पुष्कळ बिघडतं. होळकर आणि इंग्रजांची महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ची, त्यानंतरचा मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८चा, आणि होळकरांची राजधानी इंदुरास आली ती त्यानंतर. म्हणजे आपलं घराणं दरबाराच्या मागोमाग इथे आलं, ही घरोघर सांगितली जाणारी गोष्ट या वाड्यापुरती तरी टिकत नाही. शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी राजवाडा जाळला तो १८०१ साली. या यादीच्या वेळी त्याला सोळा वर्षं झाली होती.

दुसरी खोच रकमेची. १२। म्हणजे सव्वाबारा, १२॥ साडेबारा, १२॥। पावणेतेरा. दंडांना विरामचिन्ह समजून सोडलं की खालची बेरीज जुळत नाही. उलट, बेरीज जुळली तर वाचन बरोबर, ही तुमची कसोटी नामी आहे.

मोडीत रेघ आधी ओढतात, अक्षरं मग तिला लटकवतात, आणि शब्द तोडत नाहीत. म्हणून अडलेल्या शब्दाशी झुंजण्याआधी ठरलेला मायना शोधायचा, हेही तुम्हीच दाखवलंत. आणि शाई काजळीची: उन्हाने उडत नाही, ओल्या बोटाने मात्र पसरते. चिकटपट्टी तर नकोच.

चौथा रुमाल माळ्यावर सापडला आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. गाठ सोडलेली नाही, कागदांचा क्रम मोडायला नको. कोरड्या जागी, सावलीत ठेवला आहे. सवडीने या.

कळावे, लोभ असावा.

वाड्यातली मंडळी