तीन मिनिटांची थंडी आणि कोलेस्टेरॉल

महोदय,

‘तीन मिनिटं थंडी घ्या, कोलेस्टेरॉल उतरवा’ या जाहिरातीला भुलून माझ्या कबड्डीपटू मुलाने क्रायोथेरपीचा, म्हणजे अतिथंडीच्या उपचाराचा, हट्ट धरला. उणे ११० अंशांच्या खोलीत हातमोजे, मोजे आणि कानपट्टी घालून उभं राहायचं. आधी घाम नीट पुसायचा, नाहीतर त्या थंडीने कातडी भाजल्यासारखी होते. मूळ उपचार १९७८ मधला, जपानचा आणि तोही संधिवातासाठी! पोलंडमधल्या २०१० च्या अभ्यासात निरोगी पुरुषांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, घटलं खरं, पण वीस सत्रांनंतर. रोज घाम गाळणाऱ्या खेळाडूच्या रक्तातून आणखी काय उतरवणार? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, तर २०१६ मध्येच सांगितलं, की अशा एकाही यंत्राला मान्यता दिलेली नाही. ‘आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) बघता का?’ असं विचारलं, तर सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने पॅकेजचं दरपत्रक पुढे सरकवलं.

– एक पालक, पुणे