शीर, वादी आणि तांब्या

कोपनहेगन, रविवार

प्रिय सद्या,

दोन वर्षं फोन नाही की पत्र नाही. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, बास.

काल इथल्या एका संग्रहालयात शिरलो. पाऊस होता म्हणून, लगेच मला विद्वान करू नकोस. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचे कातडी कपडे होते, बरेचसे क्नुद रासमुसन नावाच्या ध्रुवप्रवाशाच्या १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत गोळा केलेले. कॅरिबूचे, म्हणजे तिकडच्या रेनडिअरचे, दोन अंगरखे एकावर एक घालायचे. आतल्याची लव अंगाकडे, वरच्याची बाहेर. केस पोकळ, त्यात हवा कोंडते, म्हणून उणे ४० मध्येही माणूस तगतो. पण मी अडकलो सीलच्या कातड्याच्या बुटांपाशी. धागा म्हणजे जनावराच्या पाठीची शीर. भिजली की फुगते आणि भोक बुजवते. त्यातही सुई एका कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून फिरवायची, भोक आरपार जातच नाही! शिवायच्या बायकाच. टाका उसवला तर तिकडे बर्फावर नवरा गेलाच. त्यांची उलू नावाची अर्धचंद्री सुरी तर तुमच्या कातडं कापायच्या रापीची थोरली बहीण. आणि तळवे मऊ करायला त्या कातडं चावायच्या. म्हाताऱ्यांचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले.

तिथंच पाय थबकले, लेका. मावशी वादी दातात धरून चपलेची वेणी आवळायची. "शी, चामडं तोंडात?" मी म्हणालो होतो. ती हसली, मला पाण्याचा तांब्या दिला. तू चार दिवस बोलला नाहीस. मला वाटायचं, त्या "शी"मुळे. पण तू तांब्याकडे बघत होतास, होय ना? तहान नव्हती म्हणून सांगितलं तुला. खोटं होतं ते. मे महिना, चार मैल सायकल मारून आलो होतो.

(सायकलची चेन मात्र मी तोडली नाही. हे मरेपर्यंत सांगणार.)

इथं कुणाला सांगू हे? बायकोला सांगायला तोंड उघडलं आणि बुटांचंच बोलत बसलो.

दुकान कसं चाललंय? धाकटीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

आणि मावशीला एक विचार. आरीनं अर्ध्याच जाडीत टाका घालता येतो का? जाड कातड्यात तरी? कोण विचारतंय म्हणाली तर माझं नाव सांगू नकोस.

नको, सांग.

तुझा,
विन्या