बाजरीच्या माहेरी

अक्रा, घाना
२८ जुलै

ती. बाबा व ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर "उत्तरेकडे फिरून आले, छान झालं" एवढंच सांगितलं, कारण आवाज सारखा तुटत होता. पण जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला वाचायला लावू नका. रात्री जेवणं झाली की तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, जिच्या डब्यात मी जेवते ती. तिचं गाव बोंगो, घानाच्या अगदी वरच्या टोकाला, बुर्किना फासोच्या हद्दीजवळ. तिला दोन वर्षं घरी जाता आलेलं नाही. मला रजा मिळाली आणि उत्तर बघायची आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग माझ्या आईकडेच उतर. निघायच्या दिवशी तिनं माझ्या हातात एक चौकड्याची पिशवी दिली. त्यात साखर, अंगाचा साबण, लुगड्यासारखं नेसायचं कापड, धुरावलेले मासे आणि रक्तदाबाच्या गोळ्या. वाटेत ब्रेड घे, असंही बजावलं. इथे प्रवासाहून घरी जाणारा माणूस ब्रेड घेऊनच जातो, आपण पेढ्याचा पुडा नेतो तसा.

अक्रा ते बोल्गातांगा हा प्रवास साधारण ८०० किलोमीटरचा, रात्रभर बसनं. कुमासीपर्यंत हिरवंगार, केळी आणि कोकोची झाडं. पुढे किन्तांपोला बस थांबते. आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. चवळीचे जे सगळ्यात जुने दाणे आजवर उकरून सापडलेत, ते याच किन्तांपोच्या भागातल्या खडकांच्या आडोशांत, जवळपास ३,५०० वर्षांपूर्वीचे. तू उसळीला जी चवळी भिजत घालतेस ती मुळात इकडची आहे. मी तिथं उतरून चहा पिऊन परत बसमध्ये चढले, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

किन्तांपोनंतर झाडी विरळ होत जाते. तामाले गेलं की सपाट माळ, मध्येच गोरखचिंचेची अजस्र खोडं आणि शियाची झाडं. बोल्गातांगाला उतरल्यावर समोर रिक्षांची रांग. तशाच पिवळ्या, तशाच आवाजाच्या. इकडे त्यांना 'येलो-येलो' म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी आपल्याच देशात बनलेल्या. बोंगो तिथून १५ किलोमीटरवर आहे.

बाबा, आता नीट ऐका. बोंगोत आपल्यासारखं एकवट गावठाण नाही. बाजारपेठेचा चौक, शाळा, दवाखाना सोडला तर प्रत्येक घर ज्याच्या त्याच्या रानात, आपल्या मळ्यातल्या वस्त्यांसारखं. मातीच्या गोल-चौकोनी खोल्या, त्यांना जोडणाऱ्या भिंती आणि मधे अंगण. आणि जुलैत ही घरं रस्त्यावरून दिसतच नाहीत, कारण पीक अगदी भिंतीला टेकलेलं असतं. मी रिक्षातून उतरले, पिशवी खांद्याला लावली, पायवाटेनं चार पावलं गेले आणि थांबले. दोन्ही बाजूंना बाजरी होती. माझ्या डोक्याच्या वर. त्या पानांचा खरखर आवाज, तो वास, कणसावर बसून लोंबकळणारी पाखरं! परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच मला पायाखालची जमीन ओळखीची वाटली. मी तिथंच दोन मिनिटं उभी राहिले. मैत्रिणीचा आठवीतला भाचा मला न्यायला आला होता, त्याला वाटलं मला चक्कर आली.

त्याच्या आजीनं आधी पाणी दिलं. पाणी म्हणजे नुसतं नाही. वाळलेल्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचात बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी, त्यात थोडी साखर आणि सुंठेसारखा झणका. याला झोम-कोम म्हणतात, शब्दशः पीठ-पाणी. उन्हातून आलेल्या पाहुण्याला हेच द्यायचं. आजी आपण गुळाचा खडा आणि तांब्या पुढे करतो तशी समोर उभी, मी शेवटचा घोट घेईपर्यंत.

मग खुशाली विचारणं. ते घाईनं उरकत नाहीत. झोप लागली का, घरचे कसे, मुलं कशी, गुरं कशी, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "लाफिया", म्हणजे सगळं बरं आहे. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाजूनं जाताना ते म्हणतात "या फारा-फारा". त्यात कष्टांची दखल असते, 'दमलात हो' असं काहीसं. या नमस्कारावरूनच बाहेरच्या लोकांनी त्यांना फ्राफ्रा हे नाव दिलं. एका अख्ख्या समाजाचं नाव दुसऱ्याच्या कष्टांची विचारपूस करण्यावरून पडलेलं आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

आजी सत्तरीच्या असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची समाधी घराच्या तोंडाशीच आहे, मातीनं लिंपलेली, आणि संध्याकाळी आजी तिच्या कडेलाच बसतात. पाच मुलं. दोन अक्रात, एक कुमासीत, एक बोल्गात, एकच मुलगा घरी. इकडे पाऊस वर्षातून एकदाच, मे ते ऑक्टोबर. पिकं निघाली की रान उघडं पडतं आणि तरुण पोरं-पोरी दक्षिणेला कामाला जातात. अक्राच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या ज्या मुली मी रोज बघते, त्यातल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्याच. आता त्यांच्याकडे बघताना मला बोंगोतली अंगणं दिसतात.

मी पिशवी पुढे केली. मुलं वाकून बघत होती, पण आजींनी कुणाला हात लावू दिला नाही. त्या खाली बसल्या, पाय लांब केले, पिशवी मांडीत घेतली. साखर सुनेकडे दिली. साबण हुंगून बाजूला ठेवला. गोळ्यांची पाकिटं मोजली, पुन्हा मोजली. आणि कापडाची घडी काढली तेव्हा ती उलगडलीच नाही. तशीच दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि डोळे मिटून बसल्या, बराच वेळ. मग भाच्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानं इंग्रजीत सांगितलं, "आजी म्हणते, या कापडाला माझ्या लेकीच्या घराचा वास येतो."

आई, मी दिवाळीला साडी पाठवते, बाबांचे बूट पाठवते, आणि फोनवर विचारते, "मिळालं का? साइज बरोबर झाली का?" तू म्हणतेस, "हो, छान आहे." त्या पार्सलचं तू पुढे काय करतेस, हे मी कधी विचारलंच नाही. आता मला विचारायचंय.

रात्री जेवायला तुओ झाफी. अख्ख्या घानात त्याला टीझेड म्हणतात. उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्यानं घोटतात, घट्ट होईपर्यंत. दक्षिणेकडे आता मक्याच्या पिठाचं करतात, पण आजींनी बाजरीचं केलं. त्याबरोबर बितो, एका आंबट पाल्याचं पातळ कालवण, त्यात शेंगदाण्याचा कूट. पहिला घास घेतला आणि मी ओळखलं. अंबाडी! बाबा, तीच आपली अंबाडी. बाजरी, अंबाडी आणि दाण्याचा कूट, म्हणजे पावसाळ्यात आपल्या ताटात जे असतं तेच, फक्त भाकरीच्या जागी उकड. मी दोनदा मागून घेतलं. आजींना इतका आनंद झाला की उठून स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढणी. इकडे बाजरीचे दोन प्रकार पेरतात. उशिराची बाजरी नोव्हेंबरला येते. लवकरची, तिला 'नारा' म्हणतात, पहिल्या पावसाला पेरून जुलैतच हाताशी येते. हिच्या आधीचे दीड-दोन महिने सगळ्यात कठीण असतात, कणग्या रिकाम्या होतात, म्हणून नारा आली की घराचा जीव भांड्यात पडतो. त्याच रानात ज्वारी, चवळी, भुईमूग सगळं एकत्र. तुम्ही बाजरीत मटकी-हुलगा टाकायचा तसं. बऱ्याच घरी औत नाही, आखूड दांड्याचं खोरं घेऊन वाकून सगळी कामं. माझी तर अर्ध्या तासात पाठ धरली. कणसं छोट्या सुरीनं खुडायची आणि सपाट धाब्यावर नेऊन वाळत घालायची.

मी एक कणीस हातात घेतलं. आखूड, जाड, टोकाला निमुळतं, आणि दाणा टपोरा, पाटीच्या रंगाचा. मला लगेच आपल्या कोठीतलं ते पत्र्याचं डबडं आठवलं, ज्यावर तुम्ही रंगानं लिहिलं होतं, '८२०३'. लहानपणी मला तो कुठला तरी फोन नंबर वाटायचा.

अक्राला परत आल्यावर मी त्याचा शोध घेतला. बाबा, आयसीटीपी ८२०३ हा वाण हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं काढला, पण तो निवडला होता टोगोच्या उत्तर भागातल्या गावरान बाजरीतून. १९८८ साली तो महाराष्ट्रासाठी दिला. केवडा रोगाला दाद न देणारा, लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा, आणि संकरित नसल्यामुळे घरचंच बी राखता येणारा. तुम्ही दरवर्षी चांगली कणसं निवडून वेगळी बांधायचात ते म्हणूनच जमायचं. तुम्ही नंतर आणलेली धनशक्ती याच ८२०३ मधून निवडलेली, लोहाचं प्रमाण वाढवून. आणि ही गावरान जात टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या एकाच पट्ट्यात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. बोंगोहून पूर्वेला बावकू ओलांडलं की टोगोची हद्द लागते. आजींच्या रानातली नारा आणि आपल्या विहिरीजवळच्या तुकड्यातली बाजरी, दोघी एकाच घराण्यातल्या.

मुळात बाजरीच इकडची. माली देशात ४,५०० वर्षांपूर्वीची पेरलेल्या बाजरीची चिन्हं सापडली आहेत. आपल्याकडे ती नंतर आली, आणि आपण तिला इतकं आपलं केलं की संक्रांतीच्या भोगीला तीळ लावून तिचीच भाकरी. लेक सासरी जाऊन तिथलीच होते तशी. मी ही गोष्ट आजींना सांगायचा प्रयत्न केला, की माझे वडील हेच पेरतात. आधी भाच्याचाच विश्वास बसेना. मग मी मोबाइलवरचा तुमचा तो खळ्यावरचा फोटो दाखवला, टोपी घातलेला, मागे कणसांचा ढीग. आजींनी मोबाइल हातात धरला आणि तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "फारा-फारा." बाबा, तुमच्यापर्यंत ते पोहोचवायचं मी कबूल केलंय.

एक गोष्ट मनाला लागली तीही लिहिते. बोंगो गुलाबी ग्रॅनाइटवर वसलंय, घराएवढाल्या शिळा जिकडे तिकडे, आणि त्यामुळे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड फार. भाचा हसला की दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हणून तो तोंडावर हात धरून हसतो. आपल्या यवतमाळकडे, किनवटकडे हेच आहे. काही हातपंप बंदही केलेत, पण मग बायकांची पाण्यासाठीची पायपीट वाढते. इतकं हुशार पोर, नीट इंग्रजी बोलतं, आणि फोटो काढताना ओठ मिटून घेतं.

आई, तुझ्यासाठी टोपली आणलीय. बोल्गाच्या टोपल्या जगभर जातात. आजीही विणतात. त्या गवताची काडी दातांनी उभी चिरायची, मग ते दोन पदर तळहातावर पीळ देऊन एक करायचे, आणि अशा शेकडो काड्या झाल्या की रंगाच्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या. हे गवत आता दक्षिणेकडून विकत आणावं लागतं. बाजार दर तिसऱ्या दिवशी भरतो, तिथं व्यापारी घेतो. मी पैसे उजव्या हातानं दिले, डाव्या हातानं काही द्यायचं नाही हा नेम इथेही तितकाच कडक. पण पैसे घेऊन झाल्यावर आजींनी पायाला दोरी बांधलेला जिवंत गिनीकोंबडा माझ्या हातात ठेवला, पाहुणी रिकामी जाऊ नये म्हणून. नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी त्याला हातात घेतलं, आभार मानले आणि विनंती केली की माझ्या नावानं तुम्हीच तो सांभाळा. त्या हसून हो म्हणाल्या. म्हणजे बोंगोत आता माझं एक जित्राब आहे.

निघताना त्यांनी मला एकच विचारलं. तुझी आई तुझ्याजवळ राहते का? मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात हातात धरला आणि पुढे काही विचारलं नाही.

मी सप्टेंबरअखेर तीन आठवडे येतेय. तिकीट कालच काढलं. विहिरीजवळच्या तुकड्यात यंदा तुम्ही स्वतः धनशक्ती टाकलीय म्हणालात, तिची सोंगणी मी येईपर्यंत ठेवा. गुडघे दुखत असतील तर बांधावर खुर्ची टाकून बसा, वाकायचं काम मी करीन. आई, तू अंबाडी लाव.

बियाणं असं विमानातून आणता येत नाही, त्याला परवानगी लागते, म्हणून कणीस आणता आलं नाही. पण शेवटच्या कागदावर मी आजींच्या रानातलं कणीस ठेवून त्याच्याभोवती पेन फिरवलंय. आपली बाजरी भरली की एक कणीस त्यावर ठेवून बघा आणि कुठलं मोठं निघतं ते मला कळवा. आजींनी विचारलंय.

तुमची,
ताई