किती वाढलं, कशावरून, कधीपासून?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षेच्या दिवसांत आपल्या पेपरात इंग्रजीच्या तयारीवर मजकूर येतो. काळ, प्रयोग, पत्रलेखन, सगळ्यावर चार-चार ओळी असतात. पण एखादी गोष्ट बदलली, वाढली किंवा घटली हे इंग्रजीत अर्धवट न ठेवता कसं सांगायचं, यावर मी कधी काही वाचलं नाही. आमच्या धंद्यात नुकसान नेमकं तिथंच होतं, म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघतो. स्पेलिंगच्या आणि काळाच्या चुका आता फार उरल्या नाहीत, संगणकच लाल रेघ मारून दाखवतो. ‘द रेट हॅज इन्क्रीज्ड’ या वाक्याखाली मात्र तो रेघ मारत नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, व्याकरण चोख आहे. दुबईतला गिऱ्हाईक ते वाचतो आणि अडकतो. कुठल्या मालाचा रेट? किती होता, किती झाला? आधी दिलेल्या ऑर्डरलाही लागू का? मग मेल जातात, मेल येतात, मध्ये तिकडची सुट्टी, इकडची सुट्टी. सुताचा भाव तेवढा वेळ थोडाच थांबतो!

नमुन्यादाखल एक वाक्य देतो. ‘जीएसएम इज चेंज्ड टू फोर फिफ्टी.’ जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टॉवेलचा भाव बराचसा त्यावर ठरतो. 500 वरून 450 झाला असेल तर टॉवेल हलका झाला, गिऱ्हाईक भाव पाडून मागणार. 400 वरून 450 झाला असेल तर टॉवेल जड झाला, भाव वाढवून मागायचा हक्क आपला. आधीचा आकडा लिहिला नाही म्हणून वाचणाऱ्याला नक्की काय झालं तेच कळत नाही, आणि न कळल्यावर कोणीही आपल्या सोयीचा अर्थ घेतो. त्याऐवजी ‘द जीएसएम ऑफ द बाथ टॉवेल विल गो अप फ्रॉम 400 टू 450 विथ द नेक्स्ट लॉट, ऑर्डर्स ऑलरेडी प्लेस्ड आर नॉट अफेक्टेड’ असं लिहावं. वाक्य लांब होतं. होऊ दे.

मला नवल याचं वाटतं की हीच माणसं मराठीत असं अर्धवट कधी बोलत नाहीत. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला उभे राहा. क्विंटलमागे ‘दोनशेनं उतरला’ आणि ‘दोनशेवर उतरला’ यांत तिथं कुणाचीच गल्लत होत नाही. पहिलं ऐकून शेतकरी नाराज होतो, दुसरं ऐकून तो कांदा रस्त्यावर ओततो. मराठीत हा ‘नं’ आणि ‘वर’ आकड्याला चिकटूनच येतो, गाळू म्हटलं तरी गळत नाही. इंग्रजीत ‘बाय’, ‘टू’, ‘फ्रॉम’ हे सुटे, बारके शब्द. घाईत तेच आधी गळतात. ‘रेट इन्क्रीज्ड टेन रुपीज’ असं लिहिलं जातं. अमेरिकी वर्तमानपत्रं ‘बाय’ गाळतात हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या बातमीत पुढच्याच ओळीला आधीचा आणि नंतरचा आकडा असतो. आपल्या पत्रात तेवढं एकच वाक्य असतं आणि खाली ‘काइंडली नोट’.

म्हणून कार्यालयातल्या नव्या मुलांना मी मराठीत आधी वाक्य म्हणायला लावतो. ‘नं’ आला तर बाय, ‘वर’ आला तर टू, ‘वरून’ आला तर फ्रॉम. क्रियापदाऐवजी नाम वापरायचं झालं तर किती वाढ ते ‘ऑफ’नं आणि कशात वाढ ते ‘इन’नं सांगायचं: ‘ॲन इन्क्रीज ऑफ फाइव्ह रुपीज इन द रेट’. ‘इन्क्रीज ऑफ रेट’ हे आपल्याकडे सर्रास दिसतं, ते चूक. ‘फ्रॉम’ची आणखी एक खोड आहे. ‘द रेट इज चेंज्ड फ्रॉम मंडे’ यातला फ्रॉम तारखेचा, पण लिहिणाऱ्याला फ्रॉम लिहिल्याचं समाधान मिळतं आणि जुना रेट सांगायचा राहूनच जातो.

सगळ्यात महाग पडणारा शब्द मात्र ‘अपटू’. ‘वी हॅव रिड्यूस्ड द रेट अपटू टेन पर्सेंट.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं दहा टक्क्यांनी कमी केला. इंग्रजीत त्याचा अर्थ जास्तीत जास्त दहा टक्के. दोन टक्के कमी केला तरी वाक्य खोटं ठरत नाही. सेलच्या पाट्यांवर दुकानदार हा शब्द जाणूनबुजून वापरतात. आपण तो अजाणता वापरतो आणि दिलेली सवलत स्वतःच संशयास्पद करून ठेवतो.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर जादा आयात शुल्क लावलं, 7 तारखेपासून 25 टक्के आणि 27 तारखेपासून आणखी 25. त्या दिवसांत माझ्यासमोर आलेल्या मसुद्यांत तीन तऱ्हा होत्या: ड्यूटी पन्नास टक्क्यांनी वाढली, ड्यूटी पन्नास टक्के झाली, ड्यूटी पंचवीस टक्क्यांनी वाढली. तिन्ही अपुऱ्या. ‘पन्नासनं वाढली’ यात दोन टप्पे दिसत नाहीत. पन्नास टक्के हे नेहमीच्या शुल्काच्या वरचं होतं, त्यामुळे ‘झाली’ म्हटलं की मूळ शुल्क गायब. ‘पंचवीसनं वाढली’ हे दुसऱ्या टप्प्यापुरतं खरं, पण पहिला टप्पा कुठं गेला? ज्याला डॉलरमध्ये भाव काढायचा आहे त्यानं यातलं कुठलं वाक्य धरायचं?

टक्के आले की एवढ्यानंही भागत नाही, कारण कशाचे टक्के तेही सांगावं लागतं. आपल्या उजनीइतकं चांगलं उदाहरण कुठल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा, आणि टक्केवारी काढतात ती उरलेल्या सुमारे 53 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात उजनी ‘उणे पन्नास टक्के’ होते, तरी धरणात सुमारे 37 टीएमसी पाणी असतं. सोलापूरकराला हे अंगवळणी पडलंय. ‘उजनी वॉटर लेव्हल इज मायनस फिफ्टी पर्सेंट’ असं बाहेरगावच्या माणसाला कळवा, त्याला धरणाच्या तळाला भोक पडल्यासारखं वाटेल. शिवाय लेव्हल म्हणजे पातळी, ती मीटरमध्ये मोजतात. टक्के आहेत ते साठ्याचे. आणि उणे पन्नासचं उणे चाळीस झालं की ‘इन्क्रीज्ड बाय टेन पर्सेंट’ लिहू नये, टेन पर्सेंटेज पॉइंट्स लिहावं, कारण नुसतं टेन पर्सेंट म्हटलं की आधीच्या आकड्याचे दहा टक्के असा अर्थ होतो. बँकवाले हे पाळतात. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणला तेव्हा 25 बेसिस पॉइंटची (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) कपात असं लिहिलं गेलं. पाव टक्क्यानं कमी म्हटलं असतं तर 6.50 चा पाव टक्का कुणी काढत बसलं असतं.

धंद्यात पैसे जातात, दवाखान्याच्या कागदात त्याहून जास्त काही जाऊ शकतं. नात्यातल्या एकांना इथून पुण्याला हलवलं, तेव्हाच्या डिस्चार्ज कागदावर ‘क्रिएटिनीन रिड्यूस्ड, कंडिशन इम्प्रूव्ह्ड’ एवढंच होतं. क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, किती होतं आणि किती झालं? चारवरून साडेतीनवर येणं आणि चारवरून दीडवर येणं, दोन्हींना रिड्यूस्डच म्हणतात. तपासणी पुन्हा करावी लागली.

मराठी या बाबतीत अगदी सोवळी आहे असं नाही. ‘दुपटीनं वाढलं’ हे आपण दुप्पट झालं अशा अर्थी बोलतो, आणि तेच इंग्रजीत ‘इन्क्रीज्ड बाय टू हंड्रेड पर्सेंट’ म्हणून उतरतं, ज्याचा अर्थ तिप्पट होतो. तिथं सरळ ‘डबल्ड’ लिहावं.

शाळेत याला जागा नाही असंही नाही. दहावीच्या इंग्रजीत तक्ता किंवा आलेख देऊन त्यावर परिच्छेद लिहायला सांगतात, परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या अकॅडेमिक परीक्षेत तर पहिलंच लेखन तसं असतं, किमान दीडशे शब्दांचं. मुलं ‘इट इन्क्रीज्ड, देन इट डिक्रीज्ड, देन अगेन इट इन्क्रीज्ड’ असं लिहून मोकळी होतात. शिक्षकांनी स्पेलिंगपेक्षा या ‘इट’ला आधी धरावं: इट म्हणजे काय, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कितीवरून कितीवर.

आपल्याकडे दोन विनंत्या. उन्हाळ्यात उजनीच्या टक्केवारीशेजारी कालचा आणि आजचा साठा टीएमसीत द्यावा; कार्यालयातली निम्मी मुलं त्या बातमीवरूनच इंग्रजी मेल तयार करतात. आणि इंग्रजीच्या मार्गदर्शनात या विषयाला एखाद्या दिवशी जागा मिळाली तर प्रत्यक्ष पत्रांतली दहा-बारा वाक्यं, कारखान्यांची नावं काढून आणि दुरुस्तीसह, मी पाठवीन. कोणत्या वारी हवीत तेवढं कळवावं.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर