पोथी आमची, स्कॅन तुमचे आणि ना-हरकत कोणाची?

मा. सांस्कृतिक मंत्री महोदय,
(राज्यातले आणि केंद्रातले, दोघेही. एकाकडे गेले की दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते, म्हणून दोघांना हे एकच पत्र.)

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मला शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेचे उत्तर आले. आमच्या घरातली ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी वडिलांनी त्या संस्थेला दिली होती. ‘स्कॅन करू, इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवू, तुम्हालाही प्रत देऊ’ असा शब्द तेव्हा मिळाला होता. पोथी स्कॅन झाली, हे मान्य. पेपरात फोटोही आला. पोथीचा नव्हे, फीत कापणाऱ्यांचा. आता मी प्रत मागितली तर कळवतात, मूळ मालकाचे ना-हरकत पत्र जोडा. मूळ मालक माझे वडील. ते वारले. तर मग वारस दाखला जोडा!

बरे, दाखला जोडून मिळणार काय? नमुन्याची दोन पाने पाठवली आहेत. अंगठ्याएवढी, आणि मधोमध संस्थेचा शिक्का. शिक्क्याखाली ओव्या असाव्यात असा माझा समज आहे. यादीत नोंद काय, तर ‘मराठी, धार्मिक, अपूर्ण’. पोथी अपूर्ण नव्हती हो. पुष्पिकेचे पान, जिथे लिहिणारा आपले नाव, गाव आणि शक सांगतो, ते स्कॅन करणाऱ्यानेच वगळले. अभ्यासकाला सगळ्यात आधी तेच पान लागते.

वडिलांनी ती पोथी लाल फडक्यात, वेखंडाची पुरचुंडी घालून जपली. दर पावसाळ्यानंतर पाने उलगडून कसर लागली का बघायची, हे आमच्या घरातले काम. पावसाळ्यात छत गळायचे तेव्हा आधी पोथी हलायची, मग आम्ही. जुने लेखनिक शेवटी एक श्लोक लिहीत: तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक म्हणते. पहिल्या तीन गोष्टी वडिलांनी सांभाळल्या.

हक्काचे म्हणाल तर 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. माउलींचे वारस संस्थेला नेमके कुठे सापडले, तेवढे कळवावे.

नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अनेक प्रतींत अपपाठ शिरले होते, म्हणून. हे काम हाताशी प्रती असल्याशिवाय होत नाही. आज नाथ तुमच्या वाचनकक्षात आले असते तर त्यांच्याकडे ओळखपत्राच्या दोन साक्षांकित प्रती आणि विद्यापीठाचे शिफारसपत्र मागितले असते, आणि दुपारी दोन ते तीन जेवणाची सुट्टी. महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी शतकानुशतके पंथाबाहेर कोणाला वाचता येत नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली. तुमचे संकेतस्थळ उलगडायला राजवाडेही पुरे पडणार नाहीत.

तिकडे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गॅलिका’ हे इंटरनेटवरचे ग्रंथालय 1997 पासून चालू आहे. सेंट गॅलनच्या मठातल्या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पोथ्या स्विस लोकांनी 2005 पासून जगापुढे ठेवायला सुरुवात केली. पाहिजे तेवढे मोठे करून बघा, शाईचा ओघळसुद्धा दिसतो. तिथला साधू माझ्याकडे वारस दाखला मागत नाही.

पैसे नाहीत असे सांगू नका. 2003 मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू झाले. 2025 च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम’ मिशन जाहीर झाले आणि तरतूद साठ कोटींवर नेली असे वाचले. चूकभूल द्यावी घ्यावी, पण माझ्या हिशेबाने पोथीमागे साठ रुपये पडतात. साठ रुपयांत पुष्पिका कशी मिळणार? तरतूद वर्षाची आहे, असे तुमचा कोणी अधिकारी म्हणेल. म्हणू दे. वीस वर्षांत जे स्कॅन झाले ते कुठल्या हार्ड डिस्कवर आहे आणि ती डिस्क अजून सुरू होते का, हे त्याला आधी विचारा.

खरे दुखणे वेगळे आहे. तुम्हाला जनता टाळ्यांसाठी लागते, वाचायला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, पेढे वाटले गेले. ज्या जुन्या वाङ्मयाच्या बळावर हा दर्जा मिळाला, ते बघायला सामान्य माणसाने अर्ज करायचा. रस्ता असो, सातबारा असो की पोथी, आपलेच आपल्याला मागून घ्यावे लागते आणि देणारा उपकार केल्यासारखा शिक्का मारतो. निविदेत स्कॅन केलेल्या पानांची संख्या असते. किती पाने लोकांना उघडता आली, याचा रकाना कधी नसतो.

मागण्या थोड्याच आहेत. सरकारी पैशातून झालेले प्रत्येक स्कॅन पूर्ण आकारात, समासासकट, फुकट आणि बिनशिक्क्याचे ठेवा. ज्या घरांनी पोथ्या दिल्या त्यांना न मागता प्रत द्या. आणि आमचे राहिलेले पान स्कॅन करा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या तिकिटासह वेगळा पाठवला आहे. तीस दिवस मोजतो आहे.

उत्तर मराठीत द्यावे. सोबत पान जोडणार असाल तर शिक्का ओव्यांवर मारू नये, पाठीमागे भरपूर जागा असते.

आपला,
एका पोथीचा अद्याप सिद्ध न झालेला वारस