मेडिकोलीगल सेलच्या डॉक्टरांना अनावृत पत्र

प्रति,
इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखाशाखांतून मेडिकोलीगल सेलचं, म्हणजे डॉक्टरांना कायद्याच्या बाबतीत मदत करणाऱ्या गटाचं, काम पाहणारे आमचे सहकारी,

सप्रेम नमस्कार.

१७ ऑगस्ट २०२४ला असोसिएशनच्या हाकेवर देशभरातल्या ओपीडी चोवीस तास बंद राहिल्या, हे साऱ्यांनी पाहिलं. तुम्ही रात्री अकरा वाजता फोन उचलून तक्रार अर्जाचा मसुदा ओळ न् ओळ सांगता, ते मात्र कुणी पाहत नाही. छोटी रुग्णालयं त्याच कामावर उभी आहेत, म्हणून हे आभार.

दवाखान्यात तोडफोड झाली की पहिला गोंधळ कलमांचा होतो. ठाण्यात अर्ज गेला की नेहमीची मारहाणीची, शिवीगाळीची कलमं लागतात, कधी नुसती अदखलपात्र नोंद होते. राज्याचा २०१०चा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था संरक्षण कायदा हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. पण ठाणे अंमलदाराला तो आठवला नाही आणि घाबरलेल्या डॉक्टरलाही सांगता आला नाही, तर कायदा पुस्तकातच राहतो. कायद्याचं नाव आणि साल अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घाला, तक्रार एकट्या डॉक्टरच्या नव्हे तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर द्या, मार खाल्लेल्या नर्सचं आणि वॉर्डबॉयचं नाव त्यात विसरू नका, हे तुम्ही पुन्हा पुन्हा सांगितलंत.

भरपाईचंही तसंच. फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम हा कायदा देववतो आणि ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. त्यासाठी मॉनिटरचं मूळ बिल हातात लागतं, आणि नेमकं तेच सापडत नाही. बिलांची फाइल दवाखान्याबाहेर ठेवा. काचा झाडण्याआधी फोटो आणि पंचनामा करून घ्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी प्रत काढा. साधे मुद्दे, पण त्या तासाला एकही सुचत नाही.

२२ एप्रिल २०२०ला असोसिएशनने डॉक्टरांवरच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ मेणबत्त्या लावण्याचा ‘व्हाइट अलर्ट’ ठरवला होता. त्याच दिवशी गृहमंत्र्यांशी बोलणी होऊन तो मागे घेतला गेला आणि साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेशही आला. मोठं यश होतं ते. तरी ते संरक्षण साथीपुरतं आहे, एरवी राज्याचाच कायदा कामी येतो, हे तुम्ही तेव्हाच समजावलंत आणि केंद्रीय कायद्याची मागणी सोडली नाहीत.

उलट बाजूने डॉक्टरवरच निष्काळजीपणाची फिर्याद आली, की २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाची प्रत तुम्ही तपास अधिकाऱ्यापुढे ठेवता. आधी त्या वैद्यकीय विषयातल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत, अटकेची घाई नको, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. सोबत केसपेपरची प्रमाणित प्रत द्यायची आणि मूळ कागदावर मागाहून एक अक्षरही वाढवायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद. खाडाखोडीने खरी बाजूही खोटी दिसते.

लिंगनिदानबंदी कायद्यानुसार गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म ‘एफ’बद्दल तर वेगळे आभार. कारकुनी चूक आणि लिंगनिदानाचा गुन्हा एका तागडीत तोलू नका, ही मागणी डॉक्टरांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या. मे २०१९मध्ये फोग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. फॉर्म पूर्ण भरणं हाच कायद्याचा कणा ठरवला. मुलींचा जीव वाचवणारा कायदा आहे, तेव्हा तो पाळायलाच हवा. निकालानंतर तुम्ही केंद्राकेंद्रांत जाऊन फॉर्म तपासले: शेवटच्या पाळीची तारीख राहिलेली, गर्भवतीच्या सहीखाली तारीख नाही, चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरचा पत्ता अर्धवट, स्वतःच्याच घोषणापत्रावर सही नाही. बहुतेक चुका गर्दीच्या वेळी ‘नंतर भरू’ म्हटल्याने होतात. तपासणीआधी रिसेप्शनवर एकाने आणि खोलीत दुसऱ्याने फॉर्म वाचायचा, मगच सोनोग्राफीचा प्रोब हातात घ्यायचा, ही तुमची पद्धत आता अंगवळणी पडली आहे. महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेच्या आत, कागद किमान दोन वर्षं, आणि खटला असेल तर तो निकाली निघेपर्यंत.

जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, जानेवारीत आणि जुलैत, या तारखांची आठवणही तुमच्याकडूनच येते. खाटा नसलेल्या दवाखान्याला कचऱ्याचं अधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं, दरवर्षी नाही, हे तुम्ही नियमावर बोट ठेवून दाखवलंत तेव्हा कितीतरी हेलपाटे वाचले.

स्वतःची ओपीडी सांभाळून तुम्ही हे विनामोबदला करता. पुढच्या महिन्यापासून शाखेच्या फोनवर आठवड्यातली एक रात्र आमच्यापैकी प्रत्येकाने घ्यायची ठरवली आहे. वेळापत्रक सोबत जोडलं आहे.

आपले ऋणी,
तालुक्याच्या गावांतले छोट्या रुग्णालयांचे डॉक्टर