जुनी फॅशन धुऊन मिरवण्याआधी

संपादक महोदय,

जुन्या काळच्या स्त्रियांच्या पोशाखांवर, दागिन्यांवर आणि पर्सांवर हल्ली पुरवण्यांतून सतत लिहून येते. १९४७ साली ख्रिश्चन डिऑरने आणलेली बारीक कंबर आणि घेरदार स्कर्ट, मागून शिवण गेलेले नायलॉनचे पायमोजे, कोपराच्या वर जाणारे हातमोजे, १९५५ मध्ये शॅनेलने साखळीवर खांद्याला अडकवलेली पर्स. छायाचित्रे देखणी असतात आणि लेखाच्या शेवटी एक सल्ला हमखास येतो: घरातली जुनी ट्रंक उघडा, निघेल ते धुऊन, इस्त्री करून मिरवा. आक्षेप या सल्ल्याला आहे. वस्तू कशाची बनली आहे हे न पाहता केलेली एक धुलाई ऐंशी-नव्वद वर्षे टिकलेला पोशाख तासाभरात संपवू शकते.

सर्वांत मोठा धोका टिकल्यांचा. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या चमचमत्या पोशाखांवरच्या बऱ्याच टिकल्या जिलेटिनच्या आहेत. पाणी लागले की त्या विरघळतात, घामाने आणि अंगाच्या उबेने मऊ पडून एकमेकींना चिकटतात आणि वाफेच्या इस्त्रीखाली त्यांचा सरळ गोंद होतो. ओळखायचे असेल तर शिवणीत अडकलेली एखादी सुटी टिकली काढून चमचाभर कोमट पाण्यात टाकावी. ती वळली, मऊ झाली तर जिलेटिनच. मग त्या पोशाखाला पाणी नाही, वाफ नाही आणि नाचगाणेही नाही. मणीकामाचे कपडे ड्रायक्लीनिंगलाही देऊ नयेत. फिरत्या पिंपात काचेचे मणी आपटतात, फुटलेल्या मण्याची कड टाक्याचा धागा कापते आणि एकाच धाग्यावर ओवलेली अख्खी ओळ सुटते. असे कपडे हँगरवरही टांगायचे नसतात, कारण मण्यांचा सगळा भार खांद्यावरच्या दोन बोटांच्या विरळ जॉर्जेटवर येतो.

दुसरे प्रकरण जुन्या रेशमाचे. कच्चे रेशीम उकळले की त्यावरचा नैसर्गिक डिंक निघून जातो आणि वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटते. रेशीम विकले जायचे वजनावर. ही तूट भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कथलाचे क्षार कापडात मुरवले जाऊ लागले. त्याने कापड जड झाले, सळसळू लागले, झोकदार पडू लागले आणि आतून ठिसूळही होत गेले. आज असे अस्तर किंवा झगा उघडला की कधी न वापरलेल्या कापडातही समांतर चिरा दिसतात, विशेषतः घडीच्या रेषेवर. शिवणीच्या आतला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा: साध्या रेशमाचा बोटाने चुरडणारा काळा मणी होतो, क्षार भरलेल्या रेशमाची राख मात्र धाग्याच्याच आकारात उभी राहते. यावर इलाज नाही. रफू केले तर सुईच्या भोकांतून नवी चीर सुरू होते. फार तर बारीक जाळीच्या दोन थरांमध्ये आधार देऊन सपाट ठेवता येते. नातीच्या लग्नासाठी तो झगा 'फिट' करून घेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा.

उरेप कापाच्या पोशाखांचे दुखणे वेगळे. फ्रेंच डिझायनर मॅडलेन व्हियोने हिने नावारूपाला आणलेल्या या कापात कापड उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरके घेतात, म्हणून ते अंगावर वाहिल्यासारखे बसते. तोच गुण हँगरवर उलटतो: कापड स्वतःच्या वजनाने लांबते, अंगात अरुंद होते आणि खालची कड वाकडी होते. हे कपडे आडवेच ठेवावेत. घडी पडणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आम्लरहित कागदाची सैल गुंडाळी घालावी आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदलावी. कागद मिळत नसेल तर खळ काढून धुतलेला मांजरपाट चालतो. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यात दमट हवा कोंडते.

आता कचकडे. जुने कंगवे, केसांतल्या नक्षीदार पिना, पंख्यांच्या काड्या, पर्सांच्या चौकटी पुष्कळदा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या असतात. ते ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचून पाहा, असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. हे कृपया कोणी करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते. अंगठ्याने जोरात घासून ऊब आणली तर कापराचा वास येतो, तेवढी खूण पुरे. तसेच घासल्यावर कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर ते बेकेलाइट हे दुसरे जुने प्लास्टिक, आणि ते बरेच निर्धोक. सेल्युलॉइड म्हातारे झाले की त्यातून आम्लाची वाफ सुटते. पृष्ठभाग चिकट होतो, आत बारीक तडे जातात, शेजारच्या धातूवर हिरवा गंज चढतो आणि जवळचे चांगले कंगवेही बिघडतात. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात, भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावी; दागिन्यांच्या बंद डबीत मुळीच नाही.

डांबरगोळ्यांबद्दल एवढेच, की त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. बटणे, बकल, टिकल्या यांच्याजवळ त्या नकोत. लोकर, पिसे किंवा फर यांना कसर लागली असेल तर वस्तू कापडात गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड कापडावर दव धरते. मणी, कचकडे आणि चामडे असलेल्या वस्तूंना मात्र हा उपाय नको.

पर्सांमध्ये १९५०च्या दशकातल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीवजा पर्स सध्या फार मागणीत दिसतात. त्या काचा पुसायच्या द्रवाने पुसल्या की त्यातल्या अल्कोहोलने कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पडतात आणि ते परत जात नाहीत. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके, बस्स. पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याला आणि त्याच रसायनाच्या बुटांच्या तळव्यांना हवेतला ओलावा खातो. न वापरता ठेवले तरी ते एक दिवस पोपडे धरतात, भुगा होतात. अशा वस्तूवर संग्रह म्हणून पैसे घालू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवे.

खड्यांच्या दागिन्यांना पाण्यात बुडवले की खड्यामागचा चंदेरी वर्ख काळा पडतो. जरा ओलसर कापसाची काडी वापरावी, आणि दागिना पालथा धरावा म्हणजे पाणी मागे झिरपणार नाही. मोत्यांची माळ गाठींजवळ फट दिसू लागली की नव्या रेशमी दोऱ्यात ओवून घ्यावी, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून. अत्तर आधी लावावे, मोती शेवटी घालावेत.

मापाचेही सांगायला हवे. त्या काळच्या चिठ्ठीवरचा आकडा आजच्या आकड्याशी जुळत नाही, आणि बरेचसे पोशाख आतून कंबर आवळणारा पट्टा गृहीत धरून कापलेले असतात. पोशाख सपाट पसरून कंबर मोजावी, दुप्पट करावी आणि अंगाच्या मापापेक्षा निदान चार सेंटिमीटर जास्त निघाले तरच घालावा. धातूची चेन अडत असेल तर ओढू नये. दातांवर पेन्सिलीचे शिसे घासावे.

सुती छापील झगे, लोकरीचे कोट, चामड्याचे हातमोजे हे सारे जपून वापरता येते आणि खुशाल वापरावे. आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत असे छायाचित्र छापताना खालच्या ओळीत साल आणि डिझायनरच्या नावासोबत कापड, टिकल्या आणि बटणे कशाची आहेत हेही द्यावे.

– एक वाचक